घरपट्टी आज भरायची की घर विकताना? टेक्सस, कॅलिफोर्निया आणि रिव्हर्स मॉर्गेज

डॅलसच्या उत्तरेला राहणारे माझे काका यंदा ७१ वर्षांचे झाले. घराचं कर्ज कधीच फिटलंय. मिळकत म्हणजे दोघांची सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि बँकेत ठेवलेली थोडीफार पुंजी. घरपट्टी वर्षाला ७,२०० डॉलर. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, त्याची भरपाई सरकार घरपट्टीतून करून घेतं. ऑक्टोबरात बिल येतं आणि ३१ जानेवारीपर्यंत काकूंच्या फ्रिजवर चुंबकाखाली लटकत राहतं.

या वेळी बिलाशेजारी आणखी एक कागद होता. फॉर्म ५०-१२६. पासष्टीपुढच्या किंवा अपंग घरमालकाने घरपट्टी पुढे ढकलण्यासाठी करायचं प्रतिज्ञापत्र. काकांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, "अगं, हे लीन-लीन म्हणतात ते म्हणजे आपला बोजाच ना?"

बोजाच. याहून चांगला शब्द नाही. काकांचे वडील नगर जिल्ह्यातले. सोसायटीचं पीककर्ज घेतलं की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढायचा आणि कर्ज फिटलं तरी तो उतरवून घ्यायला तलाठ्याकडे चार खेपा व्हायच्या. त्या माणसाच्या मुलाला बोजा म्हटल्यावर पोटात गोळा येणारच. म्हणून आम्ही दोघांनी एका शनिवारी सगळे पर्याय वहीत समोरासमोर मांडले. पुढे जे लिहिलंय ते त्या वहीतलं आहे. त्यात कॅलिफोर्नियाचा भाग माझ्या एका मैत्रिणीच्या आईमुळे आला. त्या फ्रीमाँटला राहतात आणि त्यांचाही प्रश्न हाच होता, पण उत्तर वेगळं निघालं.

आधी एक गोंधळ मिटवू

कर थकणं आणि कर पुढे ढकलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींत पैसे भरलेले नसतात आणि दोन्हींत घरावर बोजा असतो, एवढंच साम्य.

टेक्ससमध्ये १ फेब्रुवारीला कर थकला की त्याच महिन्यात ६ टक्के दंड आणि १ टक्का व्याज लागतं. दर महिन्याला दोन्ही चढत जातात. जुलैत दंड १२ टक्क्यांवर पोचतो, तोवर व्याज ६ टक्के झालेलं असतं आणि वसुलीच्या वकिलाच्या नावाखाली वर आणखी २० टक्क्यांपर्यंत लावता येतात. कॅलिफोर्नियात हप्ता चुकला की सरळ १० टक्के दंड, ३० जूननंतर दरमहा दीड टक्का, आणि पाच वर्षं असंच राहिलं तर काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाला, घर लिलावात काढण्याचा अधिकार मिळतो.

मिनेसोटातल्या जेराल्डिन टायलर यांचा खटला या फरकाचं सगळ्यात बोलकं उदाहरण. या आजींच्या फ्लॅटवर सुमारे २,३०० डॉलर घरपट्टी थकली होती. दंड, व्याज आणि खर्च धरून ती १५,००० झाली. हेनेपिन काउंटीने फ्लॅट ४०,००० डॉलरना विकला आणि वरचे २५,००० सुद्धा ठेवून घेतले. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की देण्यापेक्षा जास्तीचा पैसा सरकारला गिळता येणार नाही. तेव्हा आजी ९४ वर्षांच्या होत्या. आणि त्याच मिनेसोटात ज्येष्ठांसाठी घरपट्टी पुढे ढकलण्याची रीतसर योजना आहे. तिच्यात व्याज ५ टक्क्यांच्या वर जात नाही.

आपल्याकडच्या सवयीने इथे विचार करू नका. पुण्यात मिळकतकर थकला की दरमहा दोन टक्के शास्ती लागते, आणि मग लोक अभय योजनेची वाट बघत बसतात. आज ना उद्या ती येईल असा भरवसाही असतो. डॅलसमध्ये अभय योजनेची वाट बघणाऱ्याचं घर जातं. पुढे ढकलायचं असेल तर अर्ज करून, सही-शिक्क्यानिशी ढकला.

टेक्सस: सरकार फक्त थांबतं

टेक्ससची व्यवस्था मला आवडते, कारण ती साधी आहे. तुम्ही ६५ पूर्ण केलेले किंवा अपंग, घर तुमच्या मालकीचं आणि तुम्ही त्यात राहता, एवढंच बघतात. उत्पन्नाची अट नाही. फॉर्म ५०-१२६ नोटरीपुढे सही करून काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टला, म्हणजे करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाला, द्यायचा. त्यानंतर कर वसूल करणाऱ्यांनी तुमच्यावर दावा लावायचा नाही, घर विकायचं नाही. आधीच दावा लागलेला असला तरी तो थांबतो.

यात तुमच्या वतीने कुणी कर भरत नाही हे लक्षात घ्या. शाळा, काउंटी, शहर यांचे पैसे येणंच राहतात, वर्षाला ५ टक्के सरळ व्याजाने. नवा बोजाही चढत नाही. टेक्ससमध्ये दर वर्षी १ जानेवारीला प्रत्येक घरावर त्या वर्षाच्या कराचा बोजा आपोआप बसतो आणि कर भरला की उतरतो. श्रीमंताच्याही घरावर बसतो, त्याला कुणी सांगत नाही एवढंच. अर्ज केल्यावर फक्त हे होतं की तो उतरत नाही, दर जानेवारीला त्यावर दुसरा, तिसरा चढत जातो. हे ऐकल्यावर काकांचा चेहरा जरा सैल झाला. "म्हणजे आत्ताही आहेच की काय?" आहे. जानेवारीत बिल भरेपर्यंत दर वर्षी असतो.

आता वहीतला हिशेब. ७,२०० डॉलर दर वर्षी ढकलले, कर वाढला नाही असं धरलं आणि दहा वर्षांनी सगळं एकदम फेडलं. मुद्दल ७२,०००. पहिल्या वर्षाच्या रकमेवर दहा वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर नऊ वर्षांचं, असं उतरत गेलं की व्याज १९,८०० होतं. एकूण ९१,८००. घराची आजची किंमत चार लाख, म्हणजे पावभागाहून थोडं कमी. व्याजावर व्याज नाही, हा यातला खरा फायदा.

तीन ठिकाणी मात्र पाय घसरतो.

पहिलं, घरावर कर्ज चालू असेल तर. घरपट्टीचा बोजा कर्जाच्या बोजाच्याही पुढे उभा राहतो, मग कर्ज कितीही जुनं असो. त्यामुळे कर्ज देणाऱ्याला करमाफी चालेल, कर ढकललेला चालत नाही. एका ओळखीच्या गृहस्थांनी अर्ज करून टाकला आणि दोन महिन्यांत त्यांच्या कर्जाच्या कंपनीने परस्पर घरपट्टी भरून ती त्यांच्या हप्त्यात घातली. हप्ता एकदम सहाशे डॉलरने वाढला. कंपनीचं चुकलंही नाही, कर्जाच्या कागदात तसं लिहिलेलं होतं. गृहस्थांनी तो कागद वाचलेला नव्हता. मीही त्यांना आधी वाचायला सांगितलं नव्हतं, ते मला अजून टोचतं.

दुसरं, भारतातला मुक्काम. काका-काकू दिवाळी ते होळी पुण्यात असतात. घर सोडून जाणं म्हणजे राहणं संपलं का? टेक्ससचा कायदा इथे समजूतदार आहे. परत यायचा इरादा असेल, दुसरं कायमचं घर केलं नसेल आणि गैरहजेरी दोन वर्षांच्या आत असेल तर घर तुमचं राहतं घरच मानलं जातं. पाच महिन्यांच्या पुणेवारीने काही बिघडत नाही. पण तेवढ्या काळात घर भाड्याने देऊन चार पैसे सुटतील असा विचार डोक्यात आला तर आधी अप्रेझल डिस्ट्रिक्टला विचारा.

तिसरं, आणि हेच सगळ्यात मोठं, मुदत कधी संपते. मालकाने तिथे राहणं किंवा मालकी सोडली की घड्याळ सुरू होतं आणि १८१ व्या दिवशी सगळी बाकी देय होते. त्यानंतर दंड-व्याज नेहमीच्या दराने. मागे राहिलेला जोडीदार ५५ किंवा त्याहून मोठा असेल आणि घरात राहत असेल तर ढकलणं चालू राहतं. मुलांना ती सोय नाही. काकांचा मुलगा पुण्यात असतो. काकांच्या पश्चात त्याने यायचं, प्रोबेटसाठी (इच्छापत्र कोर्टातून मंजूर करून घ्यायला) वकील गाठायचा, घर विकायचं, हे सगळं सहा महिन्यांत. जमतं, पण आधी ठाऊक असेल तर. आणि हौसेने मुलाच्या नावावर घर करून दिलं तर मालकी गेलीच. बक्षीसपत्र करण्याच्या भरात हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

पुढे ढकलण्याआधी पासष्टीनंतरच्या सवलती घेतल्या आहेत ना, ते बघा. शाळेच्या करात जास्तीची सूट मिळते आणि तो कर त्या पातळीला गोठतो. ती माफी आहे, परत द्यावी लागत नाही. माफी सोडून उसनवारी घेण्यात काय अर्थ?

कॅलिफोर्निया: राज्य तुमच्या वतीने भरतं

कॅलिफोर्नियाच्या योजनेचं नाव प्रॉपर्टी टॅक्स पोस्टपोनमेंट. राज्याच्या कंट्रोलरचं कार्यालय ती चालवतं. इथे राज्य तुमची घरपट्टी काउंटीला खरोखर भरतं आणि तुमच्या घरावर आपला बोजा रीतसर नोंदवून घेतं. म्हणजे हे कर्जच आहे, आणि कर्ज देणारा करतो तशी छाननीही होते.

वय ६२, किंवा दृष्टिहीन, किंवा अपंग. घरात तुमचा स्वतःचा वाटा निदान ४० टक्के, म्हणजे घरावरची सगळी कर्जं किमतीच्या ६० टक्क्यांच्या आत. अर्ज १ ऑक्टोबर ते १० फेब्रुवारी. निधी मर्यादित. फक्त चालू वर्षाचा कर, जुनी थकबाकी नाही. व्याज ५ टक्के सरळ. २०२१ च्या जुलैपूर्वी ते ७ होतं. आणि घरातल्या सगळ्यांच्या एकूण उत्पन्नाला मर्यादा: २०२३-२४ साठी ती ५१,७६२ डॉलर होती, दर वर्षी थोडी सरकते.

"घरातल्या सगळ्यांच्या" या दोन शब्दांवर माझ्या मैत्रिणीच्या आईचं गाडं अडलं. मावशींची स्वतःची मिळकत वर्षाला २६,००० डॉलर. घर १९८८ साली घेतलेलं. तिथे प्रपोझिशन १३ मुळे कराची आकारणी मूळ खरेदी किमतीवर होते आणि वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही, म्हणून शेजारी नव्याने आलेला माणूस १५,००० भरतो तिथे मावशी ४,१०० भरतात. तेही त्यांना जड जातात. पण मुलगा, सून आणि नातू त्यांच्याच घरात राहतात, आणि मुलगा सॉफ्टवेअरमध्ये. त्याचा पगार धरला की अर्ज पहिल्याच पानावर बाद. आपल्या एकत्र कुटुंबाला हा नियम असा नडतो. मुलगा पलीकडच्या गल्लीत भाड्याने राहिला असता तर मावशींना योजना मिळाली असती! मावशी म्हणाल्या, "चार हजारांसाठी नातवाला घराबाहेर काढू का मी?" आणि विषय मिटला.

त्यांच्या जागी एकटी राहणारी, तेवढ्याच मिळकतीची बाई असती तर मी डोळे झाकून अर्ज करायला सांगितलं असतं. दहा वर्षांचे ४१,००० आणि व्याज ११,२७५, मिळून ५२,२७५. फ्रीमाँटमधल्या घराच्या किमतीपुढे हे किरकोळ आहे.

तरी मुदत संपण्याची कारणं टेक्ससपेक्षा इथे जास्त आहेत, ती नीट बघून ठेवा. घर विकलं, सोडलं, नावावरून काढलं, तर पैसे देय. हे समजण्यासारखं आहे. पण घरकर्ज नव्याने करून घेतलं तरी देय. रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे राहतं घर गहाण ठेवून मिळणारं बिनहप्त्याचं कर्ज, घेतलं तरी देय. राज्याच्या बोजाच्या पुढे असलेल्या कर्जाचा हप्ता थकवला तरी देय. मालकाच्या मृत्यूनंतर पात्र जोडीदार घरात नसेल तरी देय. छप्पर बदलायला किंवा व्याजदर उतरले म्हणून कर्ज नव्याने करायचा बेत असेल, तर आधी तो पार पाडा आणि मग अर्ज करा.

आणखी एक गोष्ट जुनी माणसं सांगतात ती खोटी नाही. १९७७ पासून चालू असलेली ही योजना राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाल्यावर २००९ च्या फेब्रुवारीत बंद पडली. ज्यांनी या भरवशावर घरखर्चाची घडी बसवली होती त्यांना त्या वर्षीपासून स्वतः कर भरावा लागला. २०१४ मध्ये ती परत आणण्याचा कायदा झाला आणि अर्ज पुन्हा सुरू झाले २०१६ मध्ये. टेक्ससमध्ये हा धोका कमी, कारण तिथे सरकारला खिशातून काही काढायचं नसतं.

रिव्हर्स मॉर्गेज: जाहिरातीतले आजोबा हसतात, पण

टीव्हीवर हे सगळ्यात जास्त दिसतं, म्हणून काकूंचा ओढा तिकडे होता. सरकारी हमी असलेल्या प्रकाराला हेकम म्हणतात. वय ६२ पुढे, आधी मान्यताप्राप्त समुपदेशकाशी बोलणं सक्तीचं, आणि घरावर दर महिन्याला किंवा लागेल तेव्हा पैसे मिळतात. हप्ता नाही. शेवटी कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त झालं तरी वारसांच्या अंगावर येत नाही. ही शेवटची गोष्ट खरोखर मोलाची आहे, आणि ज्याला घरपट्टीपलीकडे औषधपाणी, मदतनीस यांचाही खर्च भागवायचा आहे त्याने याचा विचार जरूर करावा.

पण नुसत्या घरपट्टीसाठी? चार लाखांच्या घरावर सुरुवातीलाच विम्याचे २ टक्के म्हणजे ८,००० आणि कर्ज करून देण्याचं शुल्क ६,००० पर्यंत. हे १४,००० कर्जातच मिळवले, व्याज ७ टक्के आणि वर दर वर्षी अर्धा टक्का विमा धरला, आणि काकांचेच ७,२०० दर वर्षी उचलले, तर दहा वर्षांनी देणं सुमारे १,३८,००० होतं. इतर खर्च धरलेलेच नाहीत. टेक्ससच्या ९१,८०० शेजारी हा आकडा लिहिला तेव्हा काकूंनी टीव्हीवाल्या आजोबांना मराठीत एक शब्द वापरला, तो इथे लिहीत नाही.

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे हेकम घेतल्यावर घरपट्टी भरण्याची जबाबदारी तुमचीच राहते. ती चुकली तर कर्ज बुडीत धरून घर जप्त होऊ शकतं. आणि घरपट्टी ढकलण्याची सोय तेव्हाच वापरता येते, जेव्हा तिचा बोजा हेकमच्या मागे उभा राहायला तयार असेल. टेक्ससमध्ये तो कधीच मागे राहत नाही, कॅलिफोर्नियात राज्य हेकम चालू देत नाही. म्हणजे दोन्हींतलं एकच.

वहीच्या मधल्या पानावर मी तीन रकाने आखले होते:

| | टेक्सस | कॅलिफोर्निया | हेकम |
|---|---|---|---|
| वय | ६५ | ६२ | ६२ |
| उत्पन्नाची अट | नाही | घरातल्या सर्वांचं मिळून | ऐपत तपासतात |
| व्याज | ५ टक्के, सरळ | ५ टक्के, सरळ | बाजारभावाने, चक्रवाढ |
| बोजाची जागा | सगळ्यांच्या पुढे | आधीच्या कर्जांच्या मागे | साधारणपणे पहिला |
| मृत्यूनंतर | १८१ व्या दिवशी, ५५ पुढचा जोडीदार असेल तर नाही | पात्र जोडीदार नसेल तर लगेच | वारसांना साधारण सहा महिने, मुदतवाढ मिळू शकते |

व्याजाची ओळ बघून बरेच लोक निर्णय घेतात. मी शेवटची ओळ आधी वाचते.

इतर ठिकाणी राहणाऱ्यांसाठी थोडक्यात

न्यू जर्सीत आपली मंडळी भरपूर आणि घरपट्टी अंगावर येणारी. तिथे ज्येष्ठांसाठी सीनियर फ्रीझ आहे: पात्र ठरलेल्या वर्षानंतर कर जेवढा वाढला तेवढा फरक राज्य परत देतं. तो परतावा आहे, घरावर काही चढत नाही. आधी तो घ्या. इलिनॉयमध्ये वर्षाला ७,५०० डॉलरपर्यंतच ढकलता येतं. मॅसॅच्युसेट्समध्ये व्याज प्रत्येक गाव ठरवतं, आणि घरावर कर्ज असेल तर त्या बँकेची संमती लागते. ही संमतीची अट जाच वाटते, पण टेक्ससमधल्या त्या गृहस्थांना तिनेच वाचवलं असतं. मिनेसोटात उत्पन्नाच्या ३ टक्के तुम्ही भरायचे, वरचं राज्य भरतं आणि घरावर टाकतं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा मामला निराळा. तिथे ५५ व्या वर्षापासूनच अर्ज करता येतो, घरात २५ टक्के वाटा पुरतो, उत्पन्नाची अट नाही. लहान मुलं असलेल्या घरांसाठीही वेगळी सोय आहे. २०२०-२२ च्या काळात ज्येष्ठांसाठी तिथे व्याज होतं ०.४५ टक्का, तेही सरळ! तेव्हा व्हँकुव्हरमध्ये पैसेवाल्यांनीही घरपट्टी ढकलून तेवढी रक्कम बँकेत ठेवली आणि फरक खिशात घातला. पण दर प्राइमला, म्हणजे बँकांच्या मूळ व्याजदराला, बांधलेला होता, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तोच ५.२० वर गेला. शेजाऱ्याने चार वर्षांपूर्वी केलेल्या हिशेबावर तिथे आज अर्ज करू नका, त्या दिवशीचा दर बघा. शिवाय तिथला बोजा अडवणारा आहे: घरावर दुसरं कर्ज नोंदवायचं असेल तर सरकारची परवानगी लागते.

मुलाने भरली तर?

हा पर्याय कुठल्याच सरकारी माहितीपत्रकात नसतो, पण आपल्या घरांत सगळ्यात आधी हाच निघतो आणि सगळ्यात आधी हाच गिळला जातो. काकांचा मुलगा सहज भरू शकतो. काका मागणार नाहीत. मावशींचा मुलगा त्यांच्याच घरात राहतो. त्याला आईची घरपट्टी थकते हे ठाऊकच नव्हतं. मैत्रिणीने फोन केल्यावर त्याने बँकेतून परस्पर भरण्याची व्यवस्था लावली आणि मावशी आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत.

पैशाच्या हिशेबाने हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. घर पुढे त्याच मुलाकडे जाणार असेल तर ५ टक्क्यांचं व्याज शेवटी त्याच्याच खिशातून जातं. भावंडं दोन-तीन असतील तर मात्र कोण किती भरतो ते लिहून ठेवा. मी दोन घरांत यावरून अंत्यविधीनंतर तेराव्याच्या आत भांडणं पाहिली आहेत. अशा घरात सरकारचा बोजा परवडला. तो कुणाची बाजू घेत नाही.

मग काकांनी काय करावं

घर कर्जमुक्त आहे, वय बसतं, सवलती घेतलेल्या आहेत, जोडीदार ५५ च्या पुढची आहे. टेक्ससची योजना जणू त्यांच्यासाठीच केलेली. पण बँकेत पैसे पडून आहेत, ४ टक्क्यांच्या सीडीत, म्हणजे मुदत ठेवीत. ४ मिळवायचे आणि ५ द्यायचे हा धंदा तोट्याचा, शिवाय सीडीच्या व्याजावर आयकर. म्हणून माझं मत पडलं की यंदा बिल भरा. पुंजी एका वर्षाच्या घरखर्चाएवढी उरली की तिला हात न लावता त्या वर्षीपासून ढकला. मुद्दल जेवढं उशिरा सुरू होईल तेवढं व्याज कमी. जमेल तेव्हा मधे थोडं भरूनही बाकी खाली ठेवता येते, काउंटी ते कसं घेते एवढं विचारून घ्या.

आणि घरपट्टी ढकलली तरी घराचा विमा आणि एचओएची (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची) वर्गणी ढकलता येत नाही. डॅलसला गारपिटीने छपरं फुटतात, तिथे विमा थकवणं म्हणजे निखारा पदरात बांधणं.

काकूंना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याला उत्तर सुचलं नाही. "पुंजी आधी संपवायची आणि मग बोजा घ्यायचा, हे तू हिशेबाने सांगतेस. पण ऐंशीव्या वर्षी एका रात्रीत दवाखान्यात जायची वेळ आली तर हातात रोख पाहिजे. घर विकून रोख त्या रात्री मिळत नाही." वर्षाला ७२ डॉलरचा, म्हणजे एका टक्क्याचा तोटा सोसून हातात रोख ठेवायची, हा विमाच झाला एका अर्थी. दहाव्या वर्षी तो तोटा दहापट होईल, पण तोवर कोणी पाहिलंय.

शेवटी दोघांनी मधला रस्ता काढला. यंदाचं बिल डिसेंबरातच भरून टाकलं. फॉर्म ५०-१२६ भरून, सहीची जागा कोरी ठेवून, इच्छापत्राच्या फाइलीत ठेवला. सही नोटरीसमोर करायची असते, आणि बँकेतली नोटरी शनिवारी बारापर्यंतच असते. फाइलीच्या पहिल्या पानावर काकांनी मुलासाठी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय: अप्रेझल डिस्ट्रिक्टचा फोन, घराचा खाते क्रमांक आणि खाली लाल शाईत दोनदा अधोरेखित केलेलं, "सही झाली असेल तर १८१ दिवस."